पैसा आहे, पण विहिरीपर्यंत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलाच्या कामांना निधीची कमतरता नाही, कमतरता आहे ती चांगल्या प्रस्तावांची, अशा अर्थाचे एका अधिकाऱ्याचे विधान गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचले. विधान खोटे नाही, म्हणूनच जास्त झोंबले. माझी छत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. ‘प्रस्तावात दम नाही’ असे म्हणून मी स्वतः कित्येकांना परत पाठवले आहे. गेली तीन वर्षे मात्र मीच एका विहिरीची फाईल घेऊन दारोदार फिरतो आहे, तेव्हा समोरच्या खुर्चीत बसणे काय असते ते आता कळते.

विहीर जुनी आहे, कर्वेनगरला हिंगणे बुद्रुक म्हणत तेव्हाची. दगडी बांधणीची, पन्नासेक फूट खोल, तीन सोसायट्यांच्या मधल्या बोळात अडकलेली. वीस वर्षे ती कचराकुंडीच होती. गाळ काढायला भोरकडचा यारीवाला (विहिरीतला गाळ यंत्राने वर ओढणारा) आणला. पहिले तीन दिवस निर्माल्याच्या पिशव्या, गाद्या, एक सायकल. चौथ्या दिवशी बादलीतून प्लास्टरचा गणपती वर आला, रंग उडालेला पण सोंड शाबूत. यारीवाल्याने काम थांबवून हात जोडले आणि मूर्ती भिंतीशी नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे. तिचे काय करायचे यावर आमच्या दोन बैठका होऊन गेल्या. त्याच संध्याकाळी कोपऱ्यातला झरा मोकळा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेएवढे पाणी होते. आज बागा, गाड्या धुणे आणि एका सोसायटीतले फ्लशचे पाणी या विहिरीवर चालते. उन्हाळ्यात आठवड्याला नऊ टँकर लागत, ते या मे महिन्यात चारवर आले.

खर्च दोन लाख साठ हजार आला आणि तो सगळा वर्गणीतून उभा राहिला. मंडळाची पावतीपुस्तके छापणाऱ्याकडूनच आम्ही पुस्तके छापून घेतली. पुण्यात गणपतीसाठी वर्गणी मागायला हिंमत लागत नाही, विहिरीसाठी मागताना मात्र ‘यात तुमचे काय?’ हा प्रश्न तीन मजल्यांवर तरी विचारला जातोच.

वर्गणीवर यायच्या आधी आम्ही बाकीचे दरवाजे ठोठावले होते. पहिला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाचा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि पर्यावरण त्या कामांच्या यादीत आहे. पैसा खरा आहे. पण तो घ्यायला संस्था नोंदणीकृत हवी, प्राप्तिकर खात्याची १२अ आणि ८०जी ही करसवलतीची प्रमाणपत्रे हवीत, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणीही हवी. आणि संस्था कंपनीची स्वतःची नसेल, तर अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, ही कथा. एका कंपनीतून फेब्रुवारीच्या शेवटी फोन आला, ‘मार्चच्या आत सगळे खर्च होईल का?’ मी म्हटले, यारीवाला गावी लग्नाला गेला आहे. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. वास्तविक काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवले, तर न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन आर्थिक वर्षे वापरता येते. कायद्यात ही सोय आहे, पण ती वापरायची तर कंपनीतल्या कोणाला तरी तीन वर्षे त्या फाईलकडे बघत राहावे लागते. मोटरचे वीजबिल, जाळीची दुरुस्ती, वर्षाआड गाळ या गोष्टींचा फोटो छान येत नाही, त्यामुळे तिथे कोणी पोचत नाही.

दुसरा दरवाजा महापालिकेचा. अंदाजपत्रकात नागरिकांनी स्वतः कामे सुचवायची सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे, एका कामाला पाच लाखांपर्यंत. ही चांगली सोय आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. आमचा अर्ज तिथपर्यंत गेलाच नाही, त्यात दोष कोणाचा नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, पण मालक म्हणून चार भावांची नावे आहेत. त्यातले तिघे हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही आणि चौथ्यांना विहीर आपली आहे हे आमच्याकडून कळले. खासगी मालकीच्या जागेवर सार्वजनिक पैसा कसा घालणार?

तिसऱ्या दरवाजाशी तर हसूच आले. हरित हवामान निधी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातून उभा राहिलेला मोठा निधी आहे, कचेरी दक्षिण कोरियात सोंगडोला. आपल्याकडे त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थांत नाबार्ड आहे. जुना बँकवाला म्हणून मी मोठ्या उत्साहाने वाचायला बसलो. प्रकल्पांचे आकारानुसार वर्ग आहेत आणि त्यातल्या सर्वात लहान, म्हणजे ‘सूक्ष्म’ प्रकल्पाची मर्यादा एक कोटी डॉलर! रुपयांत ऐंशी कोटींच्या वर. आमची विहीर सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाही.

याउलट एक अनुभव सांगायला हवा. आमच्याच सोसायटीने सामाईक दिवे आणि लिफ्टसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवले. केंद्र सरकारच्या ‘सूर्यघर’ योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. अर्ज, आराखडा, मीटरची कागदपत्रे यातले काहीही आम्ही केले नाही, सगळे पॅनेलवाल्याने केले, कारण त्यात त्याचा धंदा होता. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ज्या कामातून कोणाला नफा होतो, त्याची कागदपत्रे आपोआप तयार होतात. विहीर उपसण्यात, ओढ्याचा काठ मोकळा ठेवण्यात किंवा वस्तीतल्या पत्र्यांना उन्हाळ्यात पांढरा रंग देण्यात फक्त यारीवाला आणि रंगारी कमावतात, आणि ते प्रस्ताव लिहीत नाहीत.

कर्जरोख्यांचेही तेच. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, अगदी सामान्य गुंतवणूकदारांकडूनही. तिथे नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवायला प्रचंड वीज लागते. सौर प्रकल्पाने ते बिल कमी होणार आणि वाचलेल्या पैशातून रोखे फिटणार. हिशेब चोख आहे, मी बँकेत असतो तर सही केली असती. रोख्यांचा अनुभव पुण्यालाही आहे. समान पाणीपुरवठ्यासाठी महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे काढले होते. पण रोखे म्हणजे शेवटी कर्ज. सप्टेंबर २०१९ मधल्या त्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने जे केले, ते पुन्हा होऊ नये म्हणून केलेला खर्च व्याजासकट परत कसा येणार? न आलेल्या पुराची पावती कोणी फाडत नाही. अशा कामांना अनुदानच लागते. पंधराव्या वित्त आयोगाने शहरी पुरासाठी सात शहरे निवडली, त्यात पुण्यासाठी २५० कोटींची शिफारस केली ती म्हणूनच. मात्र एवढी मोठी रक्कम खाली उतरताना भिंत आणि पाईप होऊनच उतरते, बोळातल्या विहिरीपर्यंत ती येत नाही.

तेव्हा त्या अधिकाऱ्यांना माझे म्हणणे एवढेच, की चांगला प्रस्ताव लिहायलाही पैसे लागतात. अभियंत्याचे पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), पाण्याची तपासणी, मालकीचा उतारा आणि वारसनोंदीसाठी वकील यांना आमचे एकोणतीस हजार गेले, आणि या खर्चाला एकाही योजनेत रकाना नाही. शहरात पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस एखादा कनिष्ठ अभियंता नागरिकांच्या गटांना पूर्वगणनपत्रक करून द्यायला बसला तर पुष्कळ होईल. तेही जमत नसेल तर स्थापत्य अभियांत्रिकीची मुले आहेतच, शेवटच्या वर्षाला त्यांना प्रोजेक्ट हवाच असतो. शिवाय शहरातल्या विहिरींची मालकीसकट यादी लावावी. पानशेत धरण फुटले तेव्हा नळ बंद पडले आणि लोक विहिरींवर गेले, असे आमच्याकडचे एक आजोबा सांगतात. त्यांना अजून त्या वेळच्या सात विहिरी जागेसकट आठवतात. आम्ही त्या लिहून घेतल्या आहेत.

सध्या तोंडावरच्या लोखंडी जाळीचे काम अडले आहे. लहान मुले तिथे खेळतात, म्हणून तूर्त बांबू बांधले आहेत. जाळीची तीन दरपत्रके आली आहेत, सर्वात कमी एक्केचाळीस हजारांचे. पण तिन्हींत पट्टीची जाडी वेगवेगळी लिहिली आहे आणि कुठली पुरेशी हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येत नाही. एखादे निवृत्त अभियंते हे पत्र वाचत असतील, तर रविवारी सकाळी सातला आम्ही विहिरीवरच असतो. चहा आमच्याकडे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कर्वेनगर, पुणे