‘गार लागतंय का?’ असं विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

मी तुम्हाला आठवत असेन असं नाही. तुमच्या ओपीडीत सोमवारी किती बायका असतात ते मी बघितलंय. तासगावकडची, तपासायच्या टेबलावर चढायला तयार होत नव्हती, ती मी.

माझं अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, खाली सरकून बाहेर येत होतं. एवढं वाक्य तोंडातून निघायला मला १९ वर्षं लागली. धाकटा झाला आणि पंधराव्या दिवशी मी पाण्याच्या घागरी उचलल्या, दोन महिन्यांनी द्राक्षाच्या बागेत गेले. विरळणी, डिपिंग, काढणीला भरलेल्या जाळ्या टेम्पोपर्यंत. संध्याकाळी खाली इतकं ओढल्यासारखं व्हायचं की भाकरी थापायला बसवत नसे. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या जातीला असतंच. त्यांनाही हाच त्रास होता, हे त्या गेल्यावर नणंदेकडून कळलं.

३८ व्या वर्षी धीर करून एका डॉक्टरांकडे गेले होते. तपासताना दार अर्धं उघडं. वॉर्डबॉय दोनदा आत येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "तीन पोरं झाली ना? मग पिशवी ठेवून काय लोणचं घालायचंय? काढून टाका." दुसरा काही उपाय असतो का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. मी घरी आले आणि पुढची सात वर्षं परत कुणाला दाखवलं नाही. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

मिरजेला आमच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या लोक दवाखान्याला येतात. मीही शेवटी लेकीच्या हट्टाने आले. तुम्ही आधी दाराला कडी लावलीत. मग तपासायचं ते स्टीलचं साधन कोमट पाण्यातून काढलंत, माझ्या मांडीला आतून नुसतं टेकवलंत आणि विचारलंत, "मावशी, गार लागतंय का?"

मी रडायला लागले. तुम्हाला वाटलं दुखलं. दुखलं नव्हतं हो. बाळंतिणीच्या बाळाला न्हाऊ घालताना बाया कोपर बुडवून पाणी बघतात ना, तसं माझ्यासाठी कुणीतरी बघत होतं. माझ्या अंगाला गार लागतं, गरम लागतं, लाज वाटते, हे तिथे कुणालातरी ठाऊक होतं. डॉक्टर मॅडमच्या हातात ते साधन देण्याआधीचं ते अर्धं मिनिट. त्यांनाही फरक पडला नसता आणि तुमच्या रजिस्टरमध्येही त्याची नोंद कुठे नसेल.

मॅडमनी नंतर सगळं नीट समजावलं. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात, त्यावर लगेच ओझं उचललं, जुना खोकला किंवा बद्धकोष्ठ असला की पिशवी खाली सरकते. प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. मला पिशवीला आतून आधार देणारी रिंग बसवली आणि व्यायाम दिला: लघवी रोखल्यासारखं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. लेकीने मोबाइलवर वाचून दाखवलं, अरनॉल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हा व्यायाम १९४८ साली मांडला. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा! फुकटचा व्यायाम, ना गोळी ना सुई. बाळंतिणीला डिंकाचे लाडू देताना कुणी एवढं सांगितलं असतं तर.

चांगली माणसं अशी कुठेकुठे असतात, सिस्टर. आमच्या बेदाण्याच्या शेडवरच्या मुकादम बाईंना मी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी माझी चाल बघून मला जाळ्या उचलायच्या कामातून काढलं आणि बसून निवडायला लावलं. हजेरी पूर्ण दिली. त्यांनी कधी कारण विचारलं नाही. तुमच्या ओपीडीतून घरी जाताना एसटीत मला सारख्या त्याच आठवत होत्या.

आता मी दोन्ही पाय सोडून निवांत बसते. यंदा जत्रेत देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढले.

येत्या सोमवारी रिंग दाखवायला येतेय. बरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई असतील. त्यांचं दुखणं माझ्यापेक्षाही जुनं आहे, त्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांना मी एवढंच सांगितलंय की तिथल्या सिस्टर आधी कडी लावतात आणि पाणी कोमट करून घेतात. त्यावर त्या तयार झाल्या.

तुमची,
तासगावची मावशी