चिठ्ठ्या फाडून टाकणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या नववी-दहावीच्या मुलांशी तुम्ही नशेबद्दल बोललात, त्यासाठी सगळ्या वर्गशिक्षकांकडून मनापासून आभार.

दरवर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, कोणी ना कोणी पाहुणे येतात. कवटीची चित्रं दाखवतात, शपथ घ्यायला लावतात, 'एकदा घेतलंत की संपलात' म्हणतात आणि निघून जातात. एकांनी तर 'कोणी कोणी ओढलीय, हात वर करा' असं सगळ्यांसमोर विचारलं. गांजा ओढणारा आणि तरी धडधाकट दिसणारा गल्लीतला दादा मुलांनी पाहिलेला असतो. 'संपलात' ही थाप आहे हे कळलं की त्यामागून सांगितलेलं खरंही ती ऐकत नाहीत.

सुरुवातीला बरं वाटतं, म्हणूनच माणसं घेतात, हे तुम्ही आधीच कबूल केलंत. मग मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते, सारासार विचार करणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो आणि त्याच वयात गांजा लक्ष आणि स्मरणशक्तीवर घाला घालतो, हे समजावलंत. एमडीने (मेफेड्रोन या अमली पदार्थाने) झोप आणि भूक उडते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि उतरल्यावरची उदासी पुन्हा घ्यायला ढकलते, हेही.

थिनर आणि पंक्चरचं सोल्यूशन हुंगण्याबद्दल सांगितलंत ते आम्हा मोठ्यांनाही नवं होतं. त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रव्यांमुळे हृदय ॲड्रेनॅलिनला इतकं हळवं होतं की अचानक दचकल्याने किंवा धावल्याने ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. म्हणजे हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडायचं नाही, त्याच्यामागे पळायचं नाही. शांतपणे मोकळ्या हवेत आणायचं, बसवायचं. शाळांमध्ये नेमकं उलटं होतं.

पण मनात राहिलं ते दुसरंच. मुलांनी प्रश्न लिहून दिलेल्या बिननावाच्या चिठ्ठ्यांत एक होती : 'मित्र बेशुद्ध पडला तर पळून जायचं का?' पुढच्या बाकावरून कोणीतरी हसलं, आमच्यातल्या एकांची नजर अक्षर ओळखू लागली. तुम्ही चिठ्ठी मुठीत घेतलीत आणि म्हणालात, 'फार चांगला प्रश्न आहे.' एका मुलाला सतरंजीवर निजवून कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलंत : वरचा गुडघा दुमडलेला, तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. १०८ ला फोन. मीठपाणी, लिंबू काही पाजायचं नाही. एकटं सोडायचं नाही. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. तास संपताना सगळ्या चिठ्ठ्या मुलांसमोरच बारीक फाडल्यात. त्यानंतर दोन मुलं आपणहून बोलायला आली. आजवरच्या कुठल्याही शपथेनंतर कोणी आलं नव्हतं.

पोलिसांची भीती वाटणाऱ्या पालकांना तुम्ही एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ सांगितलंत. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे, फक्त उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. १४४४६ हा मदतीचा क्रमांक आता प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर आहे. मुलाला गुन्हेगार न मानता माणूस मानणं किती साधं असतं, आणि किती थोड्यांना जमतं!

पुढच्या सत्रात आठवीसाठी याल ना? शिपाईमामा आणि व्हॅनवाल्या काकांनाही बसवणार आहोत. कुशीवर वळवायचं त्यांनाही शिकवा.

आपले,
नववी-दहावीचे वर्गशिक्षक