किर्खनरचं ‘बर्लिनमधला रस्ता’ : मालकीची साखळी

प्रिय विनय,

स. न. वि. वि. तुझी शंका रास्त आहे. कागदावर ३,००० मार्कांची विक्री दिसते, मग बर्लिनने हे चित्र जुन्या मालकाच्या वारसाला परत का केलं?

जर्मन चित्रकार किर्खनरने हे चित्र १९१३-१४ मध्ये काढलं. ते एरफुर्टचे बूट कारखानदार आल्फ्रेड हेस यांच्याकडे होतं. हेस ज्यू, १९३१ मध्ये वारले. नाझी सत्तेवर आल्यावर संग्रहातली बरीच चित्रं स्वित्झर्लंडला गेली, त्यात हेही. म्हणजे १९३६ पर्यंत ते सुखरूप होतं. मग ते जर्मनीत, कोलोनच्या कुन्स्टफेराइनमध्ये (प्रदर्शनं भरवणाऱ्या कलासंस्थेत) परत कसं आलं? हेसच्या विधवेने, टेक्लाने, युद्धानंतर प्रतिज्ञापत्रात सांगितलं की गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) धमकावून चित्रं परत मागवायला लावली. कोलोनहून ते फ्रँकफुर्टचा संग्राहक कार्ल हागेमान याने ३,००० मार्कांना घेतलं. ते ३,००० मार्क टेक्लाच्या हातात पडले, याचा एकही कागद नाही. सगळी गोम इथेच आहे.

दोस्त राष्ट्रांनी ठरवलेला आणि जर्मनीने पुढे चालवलेला नियम असा: ३० जानेवारी १९३३ नंतर, म्हणजे नाझी सत्तेवर आल्यानंतर, छळाला बळी पडलेल्या माणसाने चित्र विकलं, तर ते बळजबरीनेच गेलं असं धरायचं. किंमत रास्त होती आणि पैसे विकणाऱ्याला मोकळेपणी वापरता आले, हे सिद्ध करायची जबाबदारी चित्र ज्याच्याकडे आहे त्याची. १५ सप्टेंबर १९३५ नंतरच्या, म्हणजे ज्यूंविरोधी न्यूरेंबर्ग कायद्यांनंतरच्या, व्यवहारांना अट आणखी कडक. हेस कुटुंब १९२९च्या मंदीत आधीच बुडालं होतं, हा चित्र परत द्यायला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. पण त्याने पावतीची जागा भरून निघत नाही.

पुढचं भराभर. हागेमान १९४० मध्ये गेला, चित्र फ्रँकफुर्टच्याच श्टेडेल संग्रहालयाचे संचालक होल्त्सिंगर यांच्याकडे आलं. १९८० मध्ये बर्लिनने त्यांच्या विधवेकडून १९ लाख मार्कांना घेऊन आपल्या ब्र्युके म्युझियममध्ये लावलं. २००६ मध्ये हेसच्या नातीला परत दिलं, त्याच नोव्हेंबरात ते क्रिस्टीजच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरना गेलं. आता न्यूयॉर्कच्या नॉय गॅलरीत आहे.

तू कॅटलॉगमधली एखाद्या चित्राच्या मालकांची यादी वाचशील तेव्हा विरामचिन्हं बघ. अमेरिकी संग्रहालयांच्या प्रचलित पद्धतीत दोन मालकांमध्ये अर्धविराम असेल तर चित्र थेट हातातून हातात गेलं. पूर्णविराम असेल तर मध्ये खिंडार आहे. खिंडार १९३३ ते ४५ मधलं असेल तर चित्राच्या मागच्या बाजूचे फोटो मागव: चौकटीवरची प्रदर्शनांची लेबलं, कस्टमचे शिक्के. ‘खाजगी संग्रह, स्वित्झर्लंड’ एवढंच लिहिलेलं, साल नाही, अशी ओळ दिसली तर चौकशी तिथूनच सुरू कर.

तुझा,
अभय