पोट लहान झाल्यावर ताटात काय असावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमध्ये वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पण रुग्ण घरी परतला की आपल्या मराठी घरांत त्याच्यासाठी जे शिजते, त्याची काळजी वाटते. वरणाचे वरचे पाणी, तांदळाची पेज, साबुदाण्याची लापशी, नारळपाणी. तापातून उठलेल्या माणसाला हे पथ्य चालते, इथे चालत नाही. या माणसाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर काट्यावर जे वजन उतरते, त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात.

स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडतात; अन्न उतरते ती ही पिशवी जेमतेम ३० मिलीलीटरची असते. एवढ्या जागेत पेज भरली तर दुसरे काही मावणार नाही. वरणाच्या वरच्या पाण्यात प्रथिने जवळपास नसतातच, ती खाली बसलेल्या डाळीत असतात. म्हणून मूगडाळ मऊ शिजवून, घोटून, गाळणीतून दाबून काढावी.

पहिले दोन आठवडे सगळे पातळ, कारण पिना मारलेल्या जठराची शिवण भरून यायची असते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारे १५ मिलीलीटरचे झाकण या काळात फार कामाला येते. दर पंधरा मिनिटांनी अशी दोन झाकणे, घोट घोट करून. चौदा तासांत दीड लीटरच्या वर पाणी आरामात पोटात जाते. एका दमात पेलाभर प्यायले की छातीत कळ येते आणि उलटी होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले अन्न, पुढे महिनाभर मऊ अन्न, आणि साधारण दोन महिन्यांनी नेहमीचे. प्रत्येकाच्या सर्जनने सांगितलेले दिवस थोडे वेगळे असतील, तेच पाळावेत.

घोटलेल्या अन्नाच्या दिवसांचा हिशेब असा बसतो: साय काढलेले दूध २०० मिलीलीटर आणि त्यात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर, असे दोनदा घेतले की सुमारे २४ ग्रॅम. १०० ग्रॅम चक्का, बिनसाखरेचा, ९ ग्रॅमच्या आसपास. घोटलेली डाळ अर्धी-अर्धी वाटी दोनदा, ८ ग्रॅम. उरलेले व्हे पावडरच्या, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीच्या, एका मापातून. दुधाने पोट फुगले किंवा जुलाब झाले तर दही-ताकाकडे वळावे, शस्त्रक्रियेनंतर दूध न सोसणे नेहमीचेच आहे. पुढे पातळ पिठले, कोमट पाण्यात मळलेले पनीर, मऊ अंडाभुर्जी, मुगाचे धिरडे. ताटात आधी प्रथिने खावीत, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात-पोळी.

पोळीबद्दल थोडे अधिक. ताजी मऊ पोळी आणि पाव चावून गोळा होतात आणि अरुंद जागी अडकतात. भात फुगतो. अडकले की छाती दाटते, तोंडाला फेसाळ पाणी सुटते. अशा वेळी पाणी पिऊन घास खाली ढकलायला जाऊ नये. खाणे थांबवावे, उभे राहून चार पावले चालावे. घास चमच्याच्या टोकाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. जेवताना पाणी नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास नाही.

गोडाचे वेगळेच दुखणे. जिलबी, रबडी, किंवा आपली दाट इंदुरी शिकंजी पोटात गेली की, विशेषतः बायपासनंतर, दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा. काहींना एक ते तीन तासांनी साखर एकदम उतरून गरगरते. शेवेचा त्रास मात्र होत नाही, आणि तीच अडचण आहे. ती लाळेत विरघळून सरळ खाली उतरते आणि पोट भरल्याचे कळतच नाही. पोह्यांवर शेव, चाटवर शेव, चहाबरोबर शेव. वर्षभराने वजन परत चढते ते बहुधा अशाच खाण्याने. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री फिरायला जायचेच असेल तर जेवून जावे.

गोळ्यांबद्दल फार निष्काळजीपणा दिसतो. बी-१२ शोषायला लागणारे आम्ल आणि प्रथिन जठरातच तयार होते, आणि आता जठराचा तो भाग उरलेला नाही किंवा वाटेत लागत नाही. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही; हातापायांना मुंग्या, थकवा, विसर पडणे नंतर सुरू होते. शाकाहारी घरांत हा धोका जास्त. कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५०० ते ६००च. लोहाची गोळी त्यापासून दोन तास दूर, आणि चहाबरोबर कधीच नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत. मधुमेहाच्या गोळ्यांचे उलट आहे. खाणे घटल्यावर जुनाच डोस चालू ठेवला तर साखर धोकादायक उतरते, म्हणून डॉक्टरांकडून तो लगेच बदलून घ्यावा.

सगळ्यात तातडीची गोष्ट उलटीची. अन्न टिकत नसेल तर थायमिन, म्हणजे बी-१, दोन-तीन आठवड्यांत संपते. डोळ्यांना दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, ही मेंदूला इजा होत असल्याची खूण आहे. दवाखान्यात गेल्या गेल्या शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे; ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते.

चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याऐवजी दही, पनीर, दाण्याचे कूट घातलेला राजगिरा घेता येतो. पंगतीत अशा पाहुण्याला आग्रह करू नये ही यजमानांना कळकळीची विनंती. एक घास जास्त झाला की त्याला पानावरून उठावे लागते.

आणि रुग्णालयांना एक मागणी. घरी सोडताना हातात 'हाय प्रोटीन सॉफ्ट डाएट' एवढेच छापलेला इंग्रजी कागद देऊ नका. मराठीत आणि हिंदीत, पदार्थांच्या नावानिशी, वाटी-चमच्याच्या मापाने लिहून द्या. त्याच कागदावर तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि नंतर दरवर्षीच्या रक्ततपासणीच्या तारखा घाला, आणि थायमिनची सूचना ठळक अक्षरांत छापा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, इंदूर