मूकपटाला पेन ड्राइव्हवरचं संगीत कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीत नुकताच जुन्या आशियाई मूकपटांचा एक कार्यक्रम झाला. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' आणि सन यू या चिनी दिग्दर्शकाचा १९३३ चा 'लिटल टॉइज' असे दोन सिनेमे होते. आमच्या भागात असलं काही दाखवायचं कुणाच्या मनात येतं, हेच विशेष. त्याबद्दल आयोजकांचं कौतुक आहेच. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पेन ड्राइव्हवरचं की-बोर्डचं संगीत मोठ्यानं लावून ठेवलं होतं. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याचं बहुतेक वेळा काही देणंघेणं नव्हतं. त्याबद्दल हे पत्र.

मी मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे आणि सतारी करण्याचं काम वडिलोपार्जित चालत आलंय. जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. दुकानाबाहेर रिक्षांचे हॉर्न आणि लग्नसराईत बँड, त्यामुळे कधी कधी कानाला काही लागूच देत नाहीत. मग आम्ही तारेकडे बघतो. तार कुठं फुगली, किती वेळ थरथरत राहिली, घोडीवर नीट टेकली की नाही, हे दिसतं. आवाज डोळ्यालाही कळतो, हा आमचा रोजचा अनुभव. म्हणून मूकपटात आवाज नसतो असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

'लिटल टॉइज'चा शेवट बघा. रुआन लिंगयू ही त्या काळातली चीनची मोठी नटी. तिनं खेळणी करून विकणाऱ्या बाईचं काम केलंय. मुलगा लहानपणीच पळवून नेलेला, तरुण मुलगी लढाईत गेलेली. आता ती शांघायच्या रस्त्यावर खेळणी विकतेय. एक श्रीमंताघरचा पोरगा तिच्याकडून खेळणं घेऊन जातो. तो तिचाच मुलगा, पण दोघांनाही पत्ता नाही. एवढ्यात नव्या वर्षाचे फटाके उडायला लागतात आणि हिला वाटतं, शत्रू आला. ती ओरडत सुटते, लोकांना सावध करू बघते. लोकांना वाटतं, बाई वेडी झाली.

या प्रसंगाला आपल्याकडे काय केलं? फटाक्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज घातला आणि मागून व्हायोलिन. सगळा खेळ तिथंच संपला. फटाके ऐकू आले की आपण आपोआप गर्दीच्या बाजूनं होतो, ती बाई खुळी ठरते. तोफा ऐकवल्या असत्या तर तीच खरी ठरली असती आणि गर्दी आंधळी. सन यूनं प्रेक्षकाला दोन्हीपैकी काहीच ऐकवलेलं नाही. धूर, ठिणग्या आणि तिचा चेहरा. रस्त्यावरच्या माणसांना ऐकू येतंय ते आणि तिच्या डोक्यात वाजतंय ते, दोन्ही आपण एकदमच ऐकतो. बोलपटाला हे इतक्या सहज साधलं नसतं.

असंच काम तेईनोसुके किनुगासा या जपानी दिग्दर्शकानं १९२६ साली 'अ पेज ऑफ मॅडनेस'मध्ये केलं होतं. वेड्यांच्या इस्पितळातल्या खोलीत एक नर्तकी नाचतेय, बाहेर पाऊस आणि विजा. तिच्या डोक्यातली वाद्यं चित्रावर चित्र चढवून आपल्याला दिसतात. पडद्यावर मजकुराची एकही पाटी नाही. वाद्यं करणारा माणूस म्हणून सांगतो, ढोल इतका मोठ्यानं मी क्वचितच ऐकलाय. यासुजिरो ओझूच्या १९३२ च्या 'आय वॉज बॉर्न, बट...'मध्ये टोकियोच्या उपनगरातल्या घरांमागून सारखी रेल्वे जाते. मिरज जंक्शनजवळ राहणाऱ्याला तिचा खडखडाट वेगळा ऐकवावा लागत नाही. मालगाडी जाईपर्यंत आम्ही बोलणंसुद्धा थांबवतो.

'कालिया मर्दन'च्या सुरुवातीलाच फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. पुढं कृष्ण पाण्यात कालियाशी झुंजतोय आणि मधेमधे काठावरच्या माणसांची घालमेल दिसते. तो सगळा गलका मला ऐकू येत होता, की-बोर्ड असूनही.

यावर कुणी म्हणेल, मूकपट तेव्हाही गप्प बसून कुठं बघत होते? बरोबर आहे. आपल्याकडे थिएटरात पेटी-तबला असायचा, पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा असायचा. जपानात पडद्याशेजारी बसून सगळ्या पात्रांचे संवाद म्हणणारे बेंशी इतके लोकप्रिय होते की, तिथं १९३५ च्या आसपासपर्यंत मूकपट निघत राहिले. पण ती जिवंत माणसं पडद्याकडे बघून वाजवायची, बोलायची आणि थांबायची. पेन ड्राइव्हला थांबणं कुठलं कळणार?

आणखी एक. आपल्याकडे असे सिनेमे उरलेत किती? कोरेगावच्या ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरचा हा आपला ठेवा होता. जे हाताशी आहे ते तरी नीट दाखवावं.

आयोजकांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी एक सिनेमा पूर्ण शांततेत दाखवा. खोकला आणि खुर्च्यांचा आवाज चालेल. दुसऱ्याला पेटी आणि तबला घ्या. मिरज-सांगलीत वादकांना तोटा नाही, आणि पुण्या-मुंबईहून कुणाला बोलवायचीही गरज नाही. फक्त त्यांना सिनेमा आधी दोनदा दाखवा आणि कुठं हात आवरायचा ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. मानधनाचा प्रश्न असेल तर माझ्या ओळखीतले दोघे-तिघे चहा-फराळावरही येतील.

आपला,
एक वाचक, सतारमेकर गल्ली, मिरज