पांढऱ्या अक्षरात लपवलेले खाते नंबर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या देवगडकडच्या एका संस्थेने आंबा नुकसानीच्या मदतीची यादी वेबसाइटवर टाकलीय, ती बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. गाव, नाव, मोबाइल, खाते नंबर, रक्कम असे पाच रकाने. खाते नंबर लोकांना दिसू नये एवढं त्यांना कळलं, पण केलं काय तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, एनटीएच-चाइल्ड हा 'कितवा सेल' सांगणारा नियम वापरून प्रत्येक ओळीतला चौथा सेल सिलेक्ट केला आणि व्हिजिबिलिटी हिडन (जागा तशीच, मजकूर अदृश्य) लावून मोकळे. आता गंमत अशी की गावाचं नाव एकदाच लिहून खालचे सेल मर्ज केलेत, म्हणजे रोस्पॅन, त्यामुळे दुसऱ्या ओळीपासून एक सेल कमी भरतो आणि चौथा म्हणून रक्कम गायब होते, खाते नंबर मात्र ढळढळीत समोर! एनटीएच-चाइल्ड त्या ओळीतले सेल मोजतं, वरचा रकाना कुठला ते त्याला कळत नाही.

बोंबाबोंब झाल्यावर कोणीतरी खाते नंबरची अक्षरं पांढरी केली. पांढऱ्यावर पांढरं. माऊसने ओढून सिलेक्ट करा की सगळे नंबर दिसतात, कॉपी करून व्हॉट्सअपवर पेस्ट करा, तिथे तर काय काळ्या अक्षरात. गोणपाटाखाली फणस झाकला म्हणून वास थोडाच थांबतो.

आता म्हणे डिस्प्ले नन करणार. त्याने सेल पानाच्या मांडणीतून जातो आणि पुढचे सेल डावीकडे सरकतात, म्हणजे हेडिंगचा सेल पण तसाच काढला नाही तर रक्कम खाते नंबरच्या खाली येऊन बसणार. आणि एवढं करूनही व्ह्यू सोर्स, म्हणजे पानाचा मूळ कोड, उघडलं की नंबर आहेतच, कारण सर्व्हरने ते पाठवलेत. मोबाइलच्या बारक्या स्क्रीनवर नको असलेला रकाना लपवायला हे सगळं ठीक आहे, खाजगी माहितीसाठी नाही.

पान बनवतानाच खाते नंबरचा रकाना वगळा, मोबाइल नंबरचाही. अगदीच ओळख पटवायची असेल तर मास्क्ड आधारवर असतात तसे शेवटचे ४ आकडे पुरे. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, तो राहू दे बाजूला, पण उद्या कोणी बागायतदाराला फोन करून नाव, गाव, रक्कम, खाते नंबर धडाधड सांगितला तर तो ओटीपी देणारच ना, बँकेतूनच फोन आलाय असंच वाटणार त्याला.

दुरुस्ती होईपर्यंत यादी वेबसाइटवरून काढा आणि छापील प्रत, नंबर वगळून, ऑफिसच्या बोर्डावर लावा.

– एक वाचक, देवगड