बाकावर बसलेल्या खेळाडूची चौकशी कोण करतो?

महोदय,

खेळाडू मुलाने किंवा मुलीने आयुष्य संपवल्याची बातमी अधूनमधून वाचनात येते आणि तिच्या मथळ्यात ‘पराभव जिव्हारी लागल्याने’ हे शब्द जवळपास ठरलेले असतात. अशा बातम्यांना सनसनाटी मथळे देऊ नयेत आणि पद्धतीचे वर्णन करू नये, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्येच स्वीकारल्या आहेत. चौतीस वर्षे सोलापुरात खो-खो शिकवलेल्या माझ्यासारख्याची या मथळ्याबद्दल आणखी एक तक्रार आहे. तो वाचून पालक आणि प्रशिक्षक असे समजतात की हरणारी मुले मनाने कच्ची असतात. आपला मुलगा तर जिंकतो आहे, तेव्हा त्याची काळजी नको. आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते. कित्येक महिने झोप उडालेली असते, दुखणे लपवलेले असते, घरच्यांनी उसनवारी करून स्पर्धेला पाठवलेले असते, आणि पराभव या सगळ्यावर शेवटी येऊन पडतो.

जिंकणाराही यातून सुटत नाही. २००८ साली बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनी, आपल्या मनावरचे सर्वांत मोठे संकट अपयशानंतर नव्हे, तर त्या पदकानंतर आले, असे जाहीरपणे सांगितले आहे. २००७ चा टी-२० विश्वचषक जिंकलेल्या संघातील रॉबिन उथप्पा यांनी पुढील काही वर्षे मनात आत्महत्येचे विचार येत होते, हे २०२० मध्ये उघड केले. बोलण्याची ताकद या दोघांना नाव झाल्यावर आली. आमच्या मैदानावरच्या सोळा वर्षांच्या पोराला ती कुठून येणार? ‘रडायचं नाही, पळायचं’ हा आमचा पहिला धडा, आणि चांगला खेळाडू तो इतका चोख गिरवतो की आतून खचला तरी चेहऱ्यावर दिसू देत नाही. शिवाय त्याने सांगायचे कोणाला? प्रशिक्षकाला सांगावे, तर संघाची यादी करताना त्याच प्रशिक्षकाचा शब्द चालतो. ‘सर, मला झोप लागत नाही’ असे निवड चाचणीच्या आठवड्यात कोणता मुलगा म्हणेल?

माझ्याच संघातली एक मुलगी सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील गाळतो आहे. तिच्यासारखी पळती मी फार थोड्या मुलींची पाहिली. राज्य स्पर्धेआधी खांबाला वळताना तिचा पाय अडकला आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. सुरुवातीला ती रोज संध्याकाळी मैदानावर येई, पाय लांब करून बाकावर बसे. बूट मात्र पिशवीतून आणलेले असत. पुढे बूट येईनासे झाले आणि काही दिवसांनी तीही येईनाशी झाली. मला वाटले, शहाणी पोरगी, दहावीच्या अभ्यासाला लागली असेल. दुखापतीआधी सरावाला पाच मिनिटे उशीर झाला तरी तिच्या घरी फोन करणारा मी पुढच्या तीन महिन्यांत एकदाही तिच्याकडे गेलो नाही. ‘ही जेवत नाही, मला आता काही नको म्हणते,’ हे तिच्या आईने रस्त्यात गाठून सांगितले, तेव्हा मला कळले. मानसोपचार तज्ज्ञांकडे उपचार झाले, वेळ लागला, पण ती सावरली. त्यात माझे श्रेय काहीच नाही.

दुखापत निदान डोळ्यांना दिसते. वयोगट बदलतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. गेल्या वर्षी सतरा वर्षांखालील गटात सत्कार झालेला मुलगा या वर्षी वरच्या गटात पहिल्याच फेरीत गारद होतो. शाळेच्या फाटकावर त्याच्या फोटोचा फ्लेक्स तेव्हा अजून लटकत असतो. एकोणिसावे सरले की शालेय स्पर्धाही संपतात आणि उरते खेळाडूंसाठीचे नोकरीतील पाच टक्के आरक्षण. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत पदक मिळाल्याशिवाय सहसा हाती येत नाही आणि घरातल्या साऱ्यांचे डोळे त्या कागदाकडे लागलेले असतात. (कुस्तीत वजन उतरवण्यासाठी पोरे स्पर्धेआधी उपाशी राहतात आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालते, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे.)

भारतीय हॉकी संघासाठी पॅडी अप्टन यांच्यासारखे मानसिक तयारीचे प्रशिक्षक नेमले गेले आणि त्या संघाने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले. माळशिरस किंवा सांगोल्याच्या शाळेतील मुलीला अप्टन मिळणार नाहीत, हे मलाही कळते. परंतु सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. जिल्ह्याच्या प्रत्येक निवड शिबिरात तेथील एका डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने अर्धा दिवस बसावे आणि त्यांच्याशी झालेले बोलणे निवड समितीपर्यंत जाणार नाही, असे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे, एवढे जिल्हा क्रीडा विभागाला फारसा खर्च न करता जमेल. गोपनीयतेची ही हमी नसेल, तर तो अर्धा दिवस फुकट जाईल. प्रशिक्षकांनीही जखमी किंवा वगळलेल्या खेळाडूला घरी धाडू नये. गुण लिहायला बसवावे, लहान मुलांची पळती मोजायला लावावी, म्हणजे त्याचे मैदान सुटत नाही.

मूल मरणाची भाषा बोलू लागले तर ‘नाटक करतोय’ म्हणून सोडून देऊ नये. तसे विचार मनात येतात का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने काही कुटुंबे झालेला प्रयत्नही लपवतात आणि उपचार लांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, तिच्यावर उपचार करणे, ही सरकारची जबाबदारी ठरते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. आपल्या क्रीडा पानावर हा क्रमांक आठवड्यातून एकदा तरी छापावा, अशी विनंती आहे. क्रीडा पान वाचणारी मुले आतली पाने उलटत नाहीत, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सोलापूर